दुसरा हात कुठून आणायचा?

बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहणाऱ्या माणसाचा एक हात कायम अडकलेला असतो. सकाळी सायकलच्या हँडलवर, दुपारी सामानाच्या पिशवीत, संध्याकाळी पाळणाघरातून घरी यायला नाखूश असलेल्या पोराच्या दंडावर. वारा सुटला की तोच हात डोक्यावरच्या टोपीकडे धावतो, आणि वारा इथे बहुतेक वेळ सुटलेलाच असतो. ट्रामचं तिकीट, दुकानाचं बिल, ऑफिसचे निरोप आणि पुण्याहून येणारे फोन हा सगळा संसार मग उरलेल्या एका हाताने ओढायचा. अशा ठिकाणी कुणी हौसेने मिटता-उघडता येणारा फोन घेतला, तर पहिल्या आठवड्यातच त्याला एक प्रश्न पडतो. फोनबरोबर आलेल्या माहितीपत्रकात त्याचं उत्तर कुठेही दिलेलं नसतं.

दोष वस्तीचा नाही. वस्ती फार विचार करून बांधलेली आहे. आम्स्टरडॅमच्या दक्षिण अंगाला, झुइडासच्या काचेच्या मनोऱ्यांतल्या बँका एका बाजूला आणि भारतीय कुटुंबांनी गजबजलेलं आम्स्टेलव्हेन दुसऱ्या बाजूला, यांच्या मधोमध हे उपनगर पसरलं आहे. कॉर्नेलिस फान एस्टरेन या नगररचनाकाराने १९३४-३५ साली शहराच्या विस्ताराचा मोठा आराखडा केला, त्यात या भागाची जागा ठरली. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून इमारती उभ्या राहू लागल्या. उजेड, हवा आणि मोकळी जागा हे त्या पिढीच्या नगररचनाकारांचं ब्रीद. त्यातली हवा रहिवाशांना हिशेबापेक्षा जास्त मिळाली, एवढंच.

हा फान एस्टरेन तरुणपणी ‘डे स्टाइल’ या कलाचळवळीत होता. त्याच चळवळीतला खेरिट रीटफेल्ड हा सुतार-वास्तुकार. त्याने आराखडा केलेली आणि त्याचंच नाव लावणारी कला अकादमी बुइटनव्हेल्डर्टपासून सायकलने फार लांब नाही. रीटफेल्डने १९१८ साली एक खुर्ची घडवली आणि पुढे तिला लाल, निळा, पिवळा, काळा असे रंग दिले. संग्रहालयांत ती मानाने ठेवलेली असते आणि लोक तिच्याकडे कौतुकाने बघतात. बसायची मात्र सरळ फळी आहे, पाठही फळीच. गादी नाही, उशी नाही. रीटफेल्ड मोठाच माणूस होता आणि खुर्ची इतिहास घडवणारी आहे, याबद्दल वाद नाही; पण त्या खुर्चीत बसून कुणी दुपारची डुलकी काढली असेल, असं वाटत नाही. देखणा फ्लिप फोन याच घराण्यातला.

आता सायकलचं बघू. १ जुलै २०१९पासून नेदरलँड्समध्ये सायकल चालवताना फोन हातात धरणं गुन्हा आहे. सुरुवातीला दंड ९५ युरो होता. म्हणजे फोन वाजला की सायकल कडेला घ्यायची, एक पाय जमिनीवर टेकवायचा, हातमोजा दातांनी ओढून काढायचा आणि मग फोन. साधा सपाट फोन असेल तर इथे काम संपलं. फ्लिप फोन असेल तर इथे सुरू होतं.

झुइडासच्या कुठल्याशा बँकेत संगणकाचं काम करणारी, मूळची पुण्याची, अशी एक सून डोळ्यांसमोर आणावी. तिने कौतुकाने नवा, आतला पडदा घडी होणारा फोन घेतला आहे. तो हातात धरून अंगठ्याने उघडायला जावं, तर बिजागरी घट्ट. ती मुद्दामच तशी केलेली असते, कारण फोन अर्धवट उघडून टेबलावर उभा राहावा अशी कंपनीची इच्छा असते. दोन पाकळ्यांच्या फटीत नख घालायचं, तर नखाला खाच नाही; खाच दिली असती तर कडेची सरळ रेषा बिघडली असती. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी पेटीसारखा तो फोन दोन्ही हातांनी उघडावा लागतो. दुसऱ्या हातात सायकल. सायकलच्या मागच्या पिशवीत दूध, बटाटे आणि आठ रोल टॉयलेट पेपर. सायकल कलते, बटाटे कलतात, आणि तोवर फोन वाजायचा थांबलेला असतो.

जुन्या फ्लिप फोनची ही तक्रार नव्हती, हे न्यायाने सांगायला हवं. १९९६ साली मोटोरोलाने स्टारटॅक काढला. वजन ८८ ग्रॅम. मिटवला की खिशात हरवावा इतका लहान. त्याची घडी कामाची होती: मिटवल्याने बटणं झाकली जात आणि उघडल्यावर तोंडापासून कानापर्यंतचं अंतर नीट भरून निघे. मग २००४ साली त्याच कंपनीचा रेझर व्ही-३ आला, आणि फोन हा दागिना झाला.

व्ही-३ची जाडी १३.९ मिलिमीटर. अॅल्युमिनियमचं अंग, आणि आत एकाच धातूच्या पत्र्यातून कोरून काढलेली बटणं, त्यांच्यामधून झिरपणारा निळा प्रकाश. अंगठ्याच्या एका झटक्यात उघडायचा आणि हनुवटीने टेकवला तरी टचकन मिटायचा. जगभर १३ कोटींहून जास्त खपला. भारतात मोटोरोलाच्या जाहिरातींत अभिषेक बच्चन झळकला, आणि डेक्कनच्या कॉफी हाउसांत काही तरुण बिल येईपर्यंत फोन नुसताच उघडमीट करत बसले. त्यांना कुणाचा फोन येत नसे. त्याची गरजही नव्हती.

फोन आलाच तर मात्र गंमत सुरू व्हायची. बटणं इतकी सपाट की अंधारात ‘पाच’ कुठला आणि ‘आठ’ कुठला हे बोटांना कळायला वेळ लागे. कडेची बटणं बाहेरच होती, त्यामुळे खिशातल्या किल्ल्यांशी त्यांची सलगी होऊन फोन परस्पर मुका व्हायचा. फोनच्या वहीत प्रत्येक नंबराची नोंद वेगळी. मामाचे घरचा, दुकानाचा आणि मोबाइल असे तीन नंबर असले की यादीत तीन मामा. ज्याचं आजोळ मोठं, त्याची यादी म्हणजे लग्नाची पंगत. आणि भोक एकच! त्याच मिनी यूएसबीच्या भोकात चार्जर घालायचा, त्यातच हेडफोन, त्यातूनच संगणकाला जोडणी. चार्जिंगला लावून गाणी ऐकायची हा विचार त्या फोनच्या जन्मदात्यांना शिवला नव्हता. साठवायला जागा साडेपाच एमबी, वर मेमरी कार्डाची सोय नाही, तेव्हा गाणी किती ऐकणार हाही प्रश्नच.

त्याच काळात नोकियाचा ११०० महाराष्ट्रातल्या खिशाखिशात होता. तो २००३ साली आला आणि २५ कोटींहून जास्त खपला. रूप अगदीच बेताचं. पण बटणांवर सलग रबराचं आवरण, म्हणजे धूळ आत जात नाही. कडेला खरबरीत पकड, म्हणजे घामट हातातून सटकत नाही. आणि डोक्यावर बॅटरी. भारनियमनाच्या त्या वर्षांत ही बॅटरी किती जिन्यांत आणि किती गोठ्यांत पेटली असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. व्ही-३चा निळा प्रकाश फक्त त्याच्या स्वतःच्या बटणांवर पडे. ११००चा प्रकाश पायरीवर पडे. ज्याच्याकडे दोन्ही फोन होते असा एखादा सुखवस्तू माणूस रात्री वीज गेल्यावर कुठला शोधत असेल, हे सांगायला नको.

मग सपाट काचेच्या फोनांचं युग आलं, आणि त्या सपाटपणाचा कंटाळाही आला. नोव्हेंबर २०१९मध्ये मोटोरोलाने रेझर पुन्हा आणला, या वेळी घडी होणाऱ्या पडद्यासह, किंमत १,४९९ डॉलर. कंपनीने फोनची निगा कशी राखावी याचा व्हिडिओही काढला. त्यात पडद्यावरचे उंचवटे आणि फुगीर जागा या नेहमीच्या समजाव्यात, असं गोड आवाजात सांगितलं होतं. जाहिरातीत दोष आधीच कबूल करून तोच गुण म्हणून खपवायची ही पद्धत आपल्याकडच्या वरसंशोधनातही फार जुनी आहे. सीनेट या अमेरिकी संस्थेने तो फोन यंत्राला लावून सारखा उघडमीट केला. सुमारे २७,००० घड्यांनंतर बिजागरी अडकू लागली. यंत्रच फोनला धार्जिणं नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

फेब्रुवारी २०२०मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी झेड फ्लिप आला. भारतात किंमत १,०९,९९९ रुपये. एक रुपया कमी ठेवण्यामागची दुकानदारी सगळीकडे सारखीच. कंपनीचा दावा असा, की हा फोन २ लाख वेळा उघडमीट करता येतो. रोज शंभर-एकशे दहा वेळा केली तरी पाच वर्षं. आता मराठी माणसापुढे किंमत आणि आकडा शेजारी शेजारी ठेवले की भागाकार आपोआप होतो: एका घडीला ५५ पैसे. किती वाजले बघायला उघडला, ५५ पैसे. वाजलेले बघून विसरलो म्हणून पुन्हा उघडला, आणखी ५५. ज्या समाजाने ‘मिस्ड कॉल दे’ या एका वाक्यावर दशकभर निरोपांची फुकट देवाणघेवाण केली, त्याला हा हिशेब सोसणारा नाही.

बाहेरच्या बाजूला छोटा पडदा दिलेला असतो, म्हणजे दरवेळी उघडावा लागू नये. झेड फ्लिपचा तो पडदा १.१ इंचांचा, ३०० बाय ११२ ठिपक्यांचा. बाहेरून फोन कुणाचा आहे ते कळावं, ही त्याची नेमणूक. पण आपल्याकडे नावं साठवायची रीत निराळी: ‘सुलभामावशी कोथरूड नवीन’, ‘सुलभामावशी कोथरूड जुना बंद’, ‘सुलभामावशींचे यजमान’. त्या फटीएवढ्या पडद्यावर सुलभामावशी तेवढ्या दिसतात, आणि उचलल्यावर आवाज पुरुषाचा येतो. पुढे पुढे हे पडदे वाढले. २०२३च्या झेड फ्लिप ५चा बाहेरचा पडदा ३.४ इंचांचा झाला. तिथे मनासारखं कुठलंही अॅप उघडायचं असेल तर त्याची परवानगी देणारं दुसरं अॅप आधी उतरवून घ्यावं लागे. सरकारी कचेरीत अर्जाचा नमुना मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, ही कल्पना कोरियापर्यंत कशी पोचली कोण जाणे.

घडीच्या फोनांचा एक प्रसंग मात्र मराठी घरात घडूच शकला नसता. २०१९च्या एप्रिलमध्ये सॅमसंगने आपला पहिला घडीचा फोन, गॅलेक्सी फोल्ड, परीक्षकांच्या हाती दिला. काहींना पडद्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दिसला. नव्या फोनवर असतो तसाच, म्हणून त्यांनी तो सोलला. तो सोलायचा नव्हता. तो पडद्याचाच भाग होता. पडदे बिघडले, काही न सोलताही बिघडले, आणि २६ एप्रिलला दुकानात यायचा फोन सप्टेंबरपर्यंत लांबला. हेच फोन परीक्षणासाठी सदाशिव पेठेत पाठवले असते तर पापुद्र्याला कुणी नखही लावलं नसतं. जिथे टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो, सोफ्याचं कव्हर काढायला पाहुणेही पुरेसे मोठे नसतात आणि कारच्या सीटवरचं प्लास्टिक दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत टिकतं, तिथे असला धोका संभवत नाही. भाबडेपणाने नवी वस्तू सोलून बघणारी माणसं वेगळ्या संस्कृतीतली.

आपली सून आता ट्रामच्या थांब्यावर आली आहे. बुइटनव्हेल्डर्टसेलानवरून पाच आणि पंचवीस नंबरच्या ट्राम जातात. गाडीत चढताना यंत्राला कार्ड किंवा फोन टेकवायचा, उतरताना पुन्हा टेकवायचा. २०२३पासून देशभर बँकेच्या कार्डाने किंवा फोननेही हे चालतं. सपाट फोनचा कुठलाही भाग थोडा इकडेतिकडे केला की यंत्र पीं करतं. घडीच्या फोनला दोन अर्धी, आणि पैशाची लहर सोडणारी तार त्यातल्या एकात. मिटलेला फोन वरून लावला, खालून लावला, मग उघडून लावला. मागे सात डच माणसं उभी. डच माणूस ओरडत नाही. तो फक्त ‘जमतंय ना?’ असं विचारतो, आणि त्या विचारण्यात इतकी आपुलकी असते की ऐकणाऱ्याने पुढच्या थांब्यावर उतरून चालत जावं.

जागा मिळते न मिळते तोच पुण्याहून आईचा फोन. पुण्यात साडेबारा, जेवणं आटोपलेली. उन्हाळ्यात इथे सकाळचे नऊ. फोन मिटलेला असतानाच बाहेरच्या पडद्यावर बोट सरकवून उचलता येतो, ही या फोनची मोठी सोय म्हणून सांगितली जाते. सोय खरी. पण कानाला लावायचा स्पीकर घडीच्या आत चिरडून बसलेला, त्यामुळे आवाज येतो मोकळ्या स्पीकरवर.

“अगं, पोट साफ झालं का त्याचं?”

ट्राममध्ये आम्स्टेलव्हेनकडची किमान पाच मराठी माणसं. पाचही जण एकदम खिडकीबाहेर बघू लागतात. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं. एक विमान तेवढं बुइटनव्हेल्डर्टबान या धावपट्टीकडे उतरत असतं. स्किफोलच्या त्या धावपट्टीला या उपनगराचंच नाव दिलेलं आहे, आणि वारा तसा असला की विमानं छपरांवरून जातात. अशा वेळी विमानाचा आवाज ही ईश्वरी कृपा समजावी.

फोन संपवणं हा आणखी वेगळा अध्याय. जुन्या फ्लिप फोनची सगळी ऐट शेवटच्या त्या ‘टच्’मध्ये होती. अमेरिकी सिनेमात नायक दोन शब्द बोलतो, फोन मिटतो, निघतो. मराठी संभाषणाला ही यंत्रणा झेपत नाही. ‘बरं, ठेवते मग’ इथून आपल्याकडे संभाषणाचा उत्तरार्ध सुरू होतो. ‘ठेव. ठेवते हं. हो, ठेव. आणि ते लोणचं पोचलं का? पोचलं. बरं, ठेवू?’ या सगळ्यात फोन नेमका कुठल्या ‘ठेव’ला मिटायचा? आधी मिटला तर उद्धटपणा. आणि कानात ब्लूटूथची बोंडं असतील तर फोन मिटूनही बोलणं चालूच राहू शकतं. ‘आई ना, कमाल करते’ हे वाक्य अशा वेळी ट्रामला उद्देशून उच्चारलं जातं आणि ते पुण्यातही पोचतं.

ऑफिसात पोचल्यावर परिस्थिती सुधारते, हे कबूल केलं पाहिजे. टेबल असलं की हा फोन खरोखर गुणाचा. अर्धा उघडून उभा करावा, हात मोकळे ठेवून व्हिडिओ कॉलवर बोलावं. स्वयंपाकघरातही तेच, पोळ्या लाटता लाटता बोलता येतं, फोनला डब्याचा टेकू लागत नाही. कॅमेरा ओट्याच्या उंचीवरून वर बघत असल्यामुळे समोरच्याला चेहऱ्याऐवजी हनुवटी आणि एक्झॉस्ट फॅन दिसतो, पण नातवंडांना आजीची हनुवटीही ओळखू येते. बाहेर फोटो काढायलाही तो बरा: आम्स्टलपार्कच्या कठड्यावर उभा करून आख्खं कुटुंब चौकटीत येतं, काठी लागत नाही, ओळख नसलेल्या माणसाला विनवावं लागत नाही. १९७२च्या फ्लोरियाड या पुष्पप्रदर्शनासाठी केलेली ही बाग. तिथल्या एखाद्या रविवारी असे अर्धे मिटलेले फोन कठड्यांवर रांगेने दिसले तर नवल वाटू नये.

पण जेवणाची सुट्टी होते आणि टिकी येते. टिकी हे पैसे मागायचं अॅप. एबीएन अॅम्रो बँकेने ते २०१६ साली काढलं. तेव्हा बँकेचं मुख्यालय झुइडासमध्ये होतं, म्हणजे बुइटनव्हेल्डर्टच्या वेशीवरच. चौघांनी कॉफी घेतली, एकाने पैसे दिले, की टेबलावरून उठायच्या आत बाकी तिघांच्या व्हॉट्सअॅपवर आपापल्या वाट्याची मागणी हजर. दोन युरो पस्तीस सेंट. डच समाज यावर चालतो आणि त्याला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. मराठी मन मात्र आधी दुखावतं (‘एवढ्याशा कॉफीचे?’) आणि मग चुपचाप तीच पद्धत उचलतं. प्रत्येक टिकीला फोन उघडा, कडेच्या बटणावर ओलं बोट टेकवा, ते ओळखलं जात नाही, पँटला पुसून पुन्हा टेकवा, बँकेचं अॅप, आकडा, मंजूर, मिटवा. ५५ पैसे त्या हिशेबात कुणी धरत नाही.

याच वस्तीत वयस्कर मंडळीही भरपूर आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या पर्समधूनही फ्लिप फोनच निघतो, पण तो वेगळ्या कुळातला. डोरो ही स्वीडिश कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी असे फोन करते: चॉकलेटच्या वडीएवढी बटणं, मोठे आकडे, अडचणीत दाबायला मागच्या बाजूला एकच बटण, आणि घरी आलं की फोन ठेवायला पाळणा. वायर शोधून भोकात घालायला नको. ठेवला की चार्ज. खेल्डरलांडप्लाइनच्या बाजारात ऐंशी पार केलेली बाई तो उघडते, बोलते, मिटते आणि चालू लागते. तिच्याकडेही एक हात ढकलगाडीवर असतो.

सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी डोरो पाहिला आणि त्यांना तो मनापासून आवडला. सुनेने समजावलं, “आई, तो साठीपुढच्या लोकांसाठी असतो.”

“मग मी काय पस्तिशीची आहे?” त्या म्हणाल्या. “आणि तुझा कुणासाठी असतो?”

सुनेने त्यावर उत्तर न देता तोडगा काढला. कायदा फोन हातात धरायला मनाई करतो. सायकलच्या हँडलला होल्डर लावून त्यात फोन ठेवला तर हरकत नाही. होल्डर आला. त्याच्या चिमट्याची पकड नेमकी फोनच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीवर येते. थोडा वर सरकवला तर चिमटा कडेचं बटण दाबून धरतो आणि फोन बंद करायचा का असं विचारत राहतो. मिटवून ठेवला तर जाडी वाढून पकडीतच बसत नाही. शेवटी तो पूर्ण उघडा, जरा खाली ओढून बसवावा लागला. नकाशा दिसू लागला. मग पाऊस आला. सासूबाईंनी फ्रीजरमध्ये मटार ठेवायची झिपची पिशवी आणून वरून चढवली, वाऱ्याने ती उडेना म्हणून मेथीच्या जुडीचा रबरबँड मनगटावरून काढून दोन वेढे दिले, आणि दुसरा रबरबँड, लागेल म्हणून, ब्रेकच्या दांडीला अडकवून ठेवला.